भोवरा, ओढ आणि करंट: आमच्याकडे येणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

आमचं घर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या दक्षिण काठाला. दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मे घरात सतत नवी माणसं असतात आणि पहिल्याच संध्याकाळी चहाबरोबर पाण्याचे प्रश्न सुरू होतात. खाडीत भोवरे आहेत का, समुद्र सेफ आहे का, भोवऱ्यात माणूस सापडला तर सुटतो का. माझे बाबा पंचवीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते, निम्मी उत्तरं त्यांच्याकडून आलेली आहेत आणि निम्मी मी नंतर वाचून समजून घेतलेली आहेत. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, आणि नेमकं राहिलेलंच महत्त्वाचं निघतं, म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवते.

भोवरा म्हणजे नक्की काय? पाणी गोल का फिरतं?

शेजारी शेजारी वाहणाऱ्या दोन प्रवाहांचा वेग वेगळा असला, किंवा वाहत्या पाण्याच्या वाटेत खडक, पुलाचा खांब, जेटी असं काही आलं, की मधलं पाणी गरगरायला लागतं. समईची वात वळताना आपण कापूस दोन तळहातांमध्ये धरतो आणि एकच हात पुढे सरकवतो, तेव्हा कापसाचं जे होतं तेच पाण्याचं होतं. एका बाजूने जोरात ढकललं जातंय, दुसऱ्या बाजूने अडतंय, मग ते वळणारच.

मधोमध वेग का वाढतो ते ज्यांनी फुगडी घातलीय त्यांना लगेच कळेल. हात लांब ताठ असतात तोवर बेताचा वेग, दोघी जवळ आल्या की गरकन वाढतो. पाणीसुद्धा कडेकडून मध्याकडे येतं तसं जास्त जोरात फिरतं, फिरणारं पाणी बाहेर फेकलं जायला बघतं म्हणून मध्ये दाब कमी होतो आणि तिथे वाटीसारखा खळगा पडतो. तो खळगा बघूनच लोक घाबरतात.

खडकाच्या मागे पाणी उलटं का वाहतं?

हा प्रश्न कोणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण म्हणजे त्या माणसाने खरंच उभं राहून बघितलंय. खडकाला वळसा घालून पाणी पुढे जातं तेव्हा खडकाच्या पाठीमागे जागा रिकामी राहायला बघते, ती भरायला बाजूचं पाणी मागे वळतं. त्यामुळे खडकाच्या आडोशाला पाणी चक्क वरच्या दिशेने, म्हणजे जिकडून आलं तिकडे जातं. मासे अशा जागी निवांत थांबतात, कमी श्रमात उभं राहता येतं आणि खाणं शेजारून वाहत येतं. बाबा पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन जायचे ते अशाच जागा हेरून. होडी प्रवाहाविरुद्ध न्यायची तर ते मधून वल्हवायचे नाहीत, काठाकाठाने एका आडोशातून दुसऱ्या आडोशात जायचे.

खांब गोल आणि प्रवाह एकसारखा असला तर भोवरे एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे आळीपाळीने सुटत जातात, मागे वेणीसारखी रांग लागते. थिओडोर फॉन कारमान नावाच्या शास्त्रज्ञाने 1911 च्या सुमाराला या रांगेचं गणित मांडलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. आमच्या जेटीवरून ओहोटीच्या वेळी ती वेणी नुसत्या डोळ्यांनी दिसते. एवढंच नाही, समुद्रातल्या उंच बेटांच्या मागे ढगांमध्येसुद्धा तीच वेणी पडते, सॅटेलाइटच्या फोटोत शेकडो किलोमीटर लांब दिसते.

भोवरा माणसाला खाली खेचून नेतो का?

बहुतेक वेळा नाही. नदीत खाडीत आपल्याला दिसतात ते भोवरे हातभर दोन हात रुंद असतात, काही सेकंद टिकतात आणि प्रवाहाबरोबर पुढे सरकत विरून जातात. त्यांच्यात तुम्हाला तळाशी नेण्याएवढी ताकद नसते. माणूस बुडतो तो घाबरून, प्रवाहाविरुद्ध हातपाय मारून दमल्यामुळे, पाण्याचा घोट श्वासात गेल्यामुळे.

पण दोन ठिकाणी ही गोष्ट खोटी ठरते आणि ती नीट लक्षात ठेवा. एक म्हणजे जिथे खाली भोक आहे. रस्त्याखालची मोरी, बंधाऱ्याची उघडी फळी, धरणाचा दरवाजा. वर छोटासा भोवरा दिसत असेल आणि तो जागचा हलत नसेल तर खाली पाणी कुठूनतरी सुटतंय असं समजा. तिथे ओढ खरी असते आणि माणूस त्या भोकाला चिकटून बसतो, दोन माणसांनी ओढूनही निघत नाही. पावसात आमच्याकडे वहाळाला पाणी चढतं तेव्हा मुलं मोरीच्या तोंडाशी काठ्या सोडून दुसऱ्या बाजूला कुठली आधी निघते ते बघत बसतात, त्यांना मी दर वर्षी ओरडून लांब करते.

दुसरं ठिकाण बंधाऱ्याच्या खालची बाजू, त्याचं वेगळं सांगते.

छोट्या बंधाऱ्याखाली पोहायला काय हरकत आहे? पाणी तर कमरेएवढंच असतं

या सगळ्यातलं सगळ्यात फसवं पाणी हे. बंधाऱ्यावरून सारखी धार पडते, पडलेलं पाणी तळाला आपटतं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि वरचं पाणी परत बंधाऱ्याकडे सरकतं. म्हणजे हा आडवा भोवरा झाला, लाटणं गोल फिरतं तसा. त्यात सापडलेला माणूस धारेखाली जातो, तळाला जातो, पुढे वर येतो, आणि श्वास घेतोय तोवर परत धारेकडे ओढला जातो. झाडाचे ओंडके असे तासन्‌तास तिथल्या तिथे गोल फिरताना बघितलेत मी. शिवाय त्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, हाताला पाण्याचा आधार मिळत नाही. इंग्रजीत अशा बंधाऱ्यांना बुडवणारं मशीनच म्हणतात. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे काही करू शकत नाही आणि त्याला काढायला उडी मारणाराही बहुतेक वेळा अडकतो. सापडलाच कोणी तर पाणी तळाशी पुढच्या दिशेला जात असतं, म्हणून वर धडपडण्यापेक्षा खोल जाऊन पुढे निघायचा प्रयत्न करायचा असं जाणकार सांगतात, पण खरं सांगू का, तिथे उतरायचंच नाही.

कोंडीत साती आसरा असतात म्हणतात, ते खरं का?

कोंड म्हणजे नदीतला खोल डोह, आमच्याकडे किती वाड्यांची नावंच कोंडांवरून आहेत. अशा जागी साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांना, नारळ ठेवतात, आमच्या घरातूनही जातो, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. लहानपणी आजी सांगायची की अमुक कोंडीत दुपारचं उतरायचं नाही, आसरा नेतात. आता कळतं की नेमकी ती कोंड नदीच्या वळणावर आहे, बाहेरच्या काठाला पाणी खोल कोरत गेलंय, खाली खडकाच्या कपारी आहेत आणि वरून पाणी अगदी स्वस्थ दिसतं. दहा-बारा पिढ्यांनी तिथे माणसं जाताना बघितली आणि जी गोष्ट मुलांच्या लक्षात राहील ती सांगितली. तुमचा विश्वास असो नसो, गावातल्या माणसाने इथे उतरू नका म्हटलं तर उतरू नका, त्यामागे कोणाचातरी गेलेला मुलगा असतो.

वळणावरच पाणी का कोरतं?

यासाठी चहा करा. खरंच. कपात गाळण्यातून थोडी चहापत्ती पडू द्या, चमचा गोल फिरवा आणि बाहेर काढा. पत्ती जड असते, गोल फिरणाऱ्या पाण्यात ती कडेला फेकली जायला हवी असं वाटतं, पण ती गोळा होते तळाशी मधोमध. आइन्स्टाईनने 1926 मध्ये याच्यावर पेपर लिहिलाय आणि त्यातच नद्या वळणं का घेतात तेही सांगितलंय. वरचं पाणी जोरात फिरतं आणि कडेकडे जातं, तळाचं पाणी घासून मंदावतं त्यामुळे ते मध्याकडे परत येतं आणि येताना पत्ती घेऊन येतं. नदीच्या वळणावर हेच होतं, वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाला आपटून खाली जातं, तिथली माती उकरतं, आणि तळातून ती आतल्या काठाकडे आणून टाकतं. म्हणून आतल्या बाजूला वाळूचा छान उतार आणि बाहेरच्या बाजूला एकदम खोल. मुलांना खेळवायचं तर आतल्या बाजूला, तेही पाऊस संपल्यावर आणि गावकऱ्याला विचारून.

खडकातले रांजणासारखे खड्डे भोवऱ्याने होतात का?

हो. खडकात बारीक खळगी असली की त्यात गोटा अडकतो, पाण्याबरोबर गरगरतो आणि वर्षानुवर्षं जात्यासारखा खडक दळत राहतो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत, पण कोकणातल्या नद्यांमध्येही छोटे छोटे आहेत, उन्हाळ्यात पात्र आटलं की तळाशी तो गुळगुळीत गोटा अजून बसलेला सापडतो. हातात घेऊन बघा आणि परत ठेवा.

खाडीच्या तोंडाशी एवढा गोंधळ का असतो?

कारण तिथे नदी, भरती, लाटा आणि वाळू चौघंही एकाच दारातून आत-बाहेर करतात. आमच्या खाडीत वाशिष्ठी येते, आणि वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणीही येतं, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडचं पाणी बोगद्यातून येऊन आमच्या बाजूने समुद्राला मिळतं. भरतीला समुद्र आत घुसतो, सुकतीला सगळं पाणी एकदम बाहेर निघतं, आणि तोंडाशी वाळूचा बांध असला की वाट अरुंद होते. अरुंद वाटेत वेग वाढतो. त्यात समोरून लाट आली तर लाट उभी राहते आणि कडेला भोवऱ्यांची रांग लागते.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने येता तेव्हा नीट बघा, बोटीचं तोंड जेटीकडे नसतं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं असतं आणि बोट खेकड्यासारखी आडवी सरकत बरोब्बर जेटीला लागते. मुलं विचारतात ड्रायव्हर काका चुकले का. नाही, ते पाण्याचा हिशोब धरून चालवतायत.

मी अकरावीत असताना बाबांबरोबर छोट्या होडीतून येत होते, पौर्णिमेची सुकती लागलेली, आणि खडकाच्या कडेने जाताना होडीचं नाक एका पाण्यात आणि पाठ दुसऱ्या पाण्यात आली. होडी जागच्या जागी अशी फिरली की काठ, समुद्र, परत काठ असं डोळ्यांसमोरून गेलं. मी घाबरून वल्हं जोरात मारायला लागले तर बाबा एवढंच म्हणाले, "वल्हं उचल, गप बस." आम्ही तीन फेऱ्या फिरलो, मग त्या पाण्याने आपणहून आम्हाला पुढे सोडलं आणि बाबांनी दोन हात मारून होडी काठाच्या संथ पाण्यात घेतली. त्यांनी नंतर समजावलं की मी ज्या बाजूला वल्हं मारत होते त्या बाजूने होडी कलंडली असती. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, ते मला अजून आठवतं.

भरती-ओहोटीची वेळ मोबाइलशिवाय कशी काढायची?

तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, जागेप्रमाणे फरक पडतो, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की अंदाज येतो. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात म्हणून रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणजे तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर जातं आणि करंट जोरदार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा सगळं मवाळ. भरती आणि ओहोटीच्या बरोब्बर मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त असते. खाडीच्या तोंडाशी सुकतीत कधीच उतरायचं नाही, कारण दमलात तर पाणी तुम्हाला समुद्राकडे नेणार.

समुद्रकिनाऱ्यावर माणसं वाहून जातात ती भोवऱ्यामुळेच ना?

पेपरमध्ये लिहितात तसं, "भोवऱ्यात सापडून". पण बहुतेक वेळा तिथे गोल फिरणारं काहीच नसतं. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत राहतात, ते पाणी परत जायला एखादी वाट शोधतं, वाळूत जिथे खोलगट पट्टा असेल तिथून एकवटून बाहेर निघतं. हा जो बाहेर जाणारा पट्टा, त्याला आमच्याकडे ओढ किंवा नुसतं करंट म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला 2 मीटरच्या वर जातो. जगातले सगळ्यात वेगवान पुरुष 100 मीटर फ्रीस्टाइल 47 सेकंदांच्या आसपास पोहतात, म्हणजे सेकंदाला 2 मीटरच्या थोडं वर, आणि तेही पाऊण मिनिटच. मग जेवून आलेल्या, जीन्स घातलेल्या मुलाने त्याच्या विरुद्ध पोहून कसं यायचं.

सगळ्यात वाईट म्हणजे ही जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस, आणि मध्ये एक पट्टा गप, थोडा गडद किंवा गढूळ, लाट न फुटणारा. घरातली माणसं मुलांना नेमकं तिथे नेतात, इथे लाटा नाहीत म्हणून. मी स्वतः बाया-बापड्यांना हाताला धरून बाहेर आणलंय तिथून. पाण्यात जायच्या आधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून बघा. फेस, पानं, काड्या कुठून बाहेर समुद्राकडे जातायत ते दिसतं. खडकाळ टोकाच्या कडेला आणि खाडीच्या तोंडाजवळ ओढ जवळजवळ कायम असते, मधल्या वाळूत मात्र जागा बदलते, काल होती तिथे आज नसेल.

रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडून गेले. फेब्रुवारी, म्हणजे पावसाळा नाही वादळ नाही. तेव्हापासून मी ऐन थंडीतही पाहुण्यांना भरतीची वेळ सांगितल्याशिवाय किनाऱ्यावर सोडत नाही.

ओढीत सापडलो तर काय करायचं?

आधी हे लक्षात घ्या की ती तुम्हाला खाली नेत नाहीये, बाहेर नेतेय. लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडे तिची ताकद संपते. त्यामुळे किनाऱ्याकडे पोहू नका. उताणे व्हा, तरंगा, एक हात वर करून हलवा, ओरडा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, पट्टा सहसा फार रुंद नसतो, लाटा फुटतायत तिथे पोचलात की लाटाच तुम्हाला आत ढकलतात. दम लागला की परत तरंगा. समांतर जाताना एका बाजूला जमत नसेल तर दुसऱ्या बाजूला वळा. नाहीच जमलं तर नुसतं तरंगत राहा, तरंगणाऱ्या माणसाला शोधून काढता येतं.

आणि दुसरा कोणी बुडत असेल तर?

उडी मारू नका. मला माहितीय हे ऐकायला किती कठीण आहे, स्वतःचा भाऊ असेल तर कोण थांबेल. पण एकाच्या मागे दुसरा आणि दुसऱ्याच्या मागे तिसरा असे किती जण गेलेत. काहीतरी तरंगणारं फेका: रिकामा पाण्याचा कॅन झाकण घट्ट लावून, बोटीवरचा फ्लोट, बंद थर्मोकोलची पेटी, नारळाचा घोसही चालतो. दोरी, ओढणी, लांब काठी. जवळच्या होडीवाल्याला हाक मारा, आणि कोणीतरी एकाने त्या माणसावरून नजर काढायची नाही, बोट दाखवत राहायचं, कारण लाटांमध्ये डोकं एकदा दिसेनासं झालं की जागा सापडत नाही. फोन 112 ला, समुद्रात लांब असेल तर कोस्ट गार्डचा 1554.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगून गरगर फिरवू तर नकाच, जुनी माणसं असं करायची पण त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, 30 दाबांमागे 2 श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात पाणी गेलेलं असतं आणि त्रास काही तासांनी वाढू शकतो.

बेसिनमधलं पाणी आपल्याकडे एका दिशेने आणि ऑस्ट्रेलियात उलट फिरतं, खरं का?

घरातल्या बेसिनपुरतं खोटं. पृथ्वी दिवसाला एक फेरी मारते आणि बेसिन मिनिटभरात रिकामं होतं, एवढ्यात तिचा परिणाम दिसत नाही. नळ कुठून पडला, भांड्याचा आकार कसा, हात कसा काढला यावर दिशा ठरते. पण परिणाम आहे हे नक्की. 1962 मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या अ‍ॅशर शपिरोने सहा फूट रुंदीची टाकी भरली, पाणी 24 तास अजिबात न हलवता ठेवलं, मग खालचं बारीक बूच हळूच काढलं, आणि पाणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरलं. 1965 मध्ये सिडनीला तसाच प्रयोग केला तर घड्याळाच्या दिशेने. एवढी शांतता पाळली तरच दिसणारी गोष्ट आहे ती. नदीच्या भोवऱ्यांतही दोन्ही दिशांचे सापडतात, एकाच खडकाच्या डाव्या-उजव्या बाजूला.

मग अरबी समुद्रात मोठे भोवरे असतात का?

असतात, आणि इतके मोठे की तुम्ही त्यात असलात तरी कळणार नाही. दीडशे-दोनशे किलोमीटर रुंद, महिनोन्‌महिने टिकणारे, इथे पृथ्वीच्या फिरण्याचा पूर्ण परिणाम होतो. सोमालियाजवळ पावसाळी वाऱ्यांमुळे दरवर्षी घड्याळाच्या दिशेने फिरणारा एक प्रचंड भोवरा तयार होतो, त्याला ग्रेट व्हर्ल म्हणतात, तो शेकडो किलोमीटर रुंद असतो. हिवाळ्यात आपल्या खाली लक्षद्वीपच्या बाजूला असाच एक बनतो, तिथे समुद्राची पातळी काही सेंटीमीटरने फुगलेली असते म्हणून त्याला लक्षद्वीप हाय नाव आहे. हा फुगवटा सॅटेलाइट मोजतात.

आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाहसुद्धा ऋतूप्रमाणे उलटतो. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. बाबा शाळेत सातवीपर्यंतच, पण दिवाळीनंतर "आता पाणी वर चढतं" म्हणायचे, आणि मला पुढे नकाशात तेच बाण दिसले तेव्हा मी तो नकाशा त्यांना नेऊन दाखवला. गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 पासून, तिथल्या लोकांनी या प्रवाहांवर खूप काम केलंय.

या मोठ्या भोवऱ्यांचा मासळीशी काही संबंध?

मोठा संबंध आहे. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या भोवऱ्यात मधलं पाणी बाहेर सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर तळाचं खत येतं, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर छोटी मासळी, तिच्यावर मोठी. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्यात उलट, कोमट पाणी मध्ये दाबलं जातं. दोन पाण्यांच्या शिवेवर मासे जास्त जमतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सॅटेलाइटवरून पाण्याचं तापमान आणि रंग बघून मासळी कुठे मिळू शकेल याचे अंदाज देते, आमच्या बंदरावरची तरुण मुलं ते मोबाइलवर बघून निघतात. डिझेल वाचतं ही काही लहान गोष्ट नाही.

भोवरा बोट गिळतो का, पिक्चरमध्ये दाखवतात तसं?

मोठं जहाज नाही, छोट्या बोटीला मात्र धोका असतो. जगातले नामांकित भोवरे बहुतेक भरती-ओहोटीचे आहेत, अरुंद सामुद्रधुनीतले. नॉर्वेत सॉल्टस्ट्राउमेन, 150 मीटर रुंद वाटेतून सहा तासांत 40 कोटी घनमीटर पाणी जातं. जपानमध्ये नारुतोचे, उधाणाला 20 मीटरपर्यंत रुंद होतात, लोक बोटीतून बघायला जातात. स्कॉटलंडमध्ये कॉरीव्रेकनला पाण्याखाली खडकाचा सुळका आहे, त्याच्यावर प्रवाह आपटून भोवरा होतो. 1947 मध्ये लेखक जॉर्ज ऑरवेल तिथेच घरच्या मुलांबरोबर बोटीत होते, बोटीचं इंजिन निघून पडलं, कसेबसे एका खडकावर चढले, आणि मच्छीमारांनी त्यांना सोडवलं. वेळ चुकीची वाचली होती त्यांनी भरतीची.

खरोखर गिळणारा भोवरा एकदा झालाय आणि तो माणसाच्या चुकीने. अमेरिकेत लुइझियानाला पेनयर नावाचं उथळ तळं आहे, 20 नोव्हेंबर 1980 ला तेलासाठी भोक पाडताना ते खालच्या मिठाच्या खाणीत घुसलं. बाथटबचं बूच काढल्यासारखं तळं खाली गेलं, तेलाचं मशीन, 11 बार्ज (सपाट मालवाहू बोटी), काठची जमीन सगळं आत. खाणीतले सगळे कामगार वेळेवर बाहेर आले, एकही माणूस गेला नाही. वर सांगितलं ना, खाली भोक असलं की हिशोब बदलतो, त्याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

पुराच्या वेळी पुलावर उभं राहून बघायला काय होतं?

नका उभे राहू. पुरात खांबाला पाणी आपटतं, खाली वळतं आणि खांबाच्या पायाला घोड्याच्या नालेसारखा भोवरा पडून तळातली माती उपसत राहतो. वरून पूल धडधाकट दिसतो आणि खाली पाया उघडा पडलेला असतो, आणि गढूळ पाण्यात ते कोणालाच दिसत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, गाड्यांसकट. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी घराघरात शिरली तेव्हा बाजारपेठेच्या गल्ल्यांच्या तोंडाशीसुद्धा पाणी भोवरे घेत होतं. रस्त्यावरून वाहणारं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी पाय उचलतं.

मला भोवरा नीट, सुरक्षित बघायचाय. कुठे आणि कधी?

पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दिवशी या, दुपारी एकच्या सुमाराला सुकतीला जोर यायला लागतो. जेटीवर कठड्याच्या आत उभं राहा आणि शेवटच्या खांबाच्या समुद्राकडच्या बाजूला बघा. परसातून एक नारळाचं सोडण घेऊन या आणि वरच्या अंगाला टाका. ते खांबापर्यंत सरळ येतं, कडेने घसरतं, मग एकदम मागे वळून खांबाच्या आडोशात शिरतं आणि गोल फिरायला लागतं. मी मोजते कधीकधी, चार फेऱ्या, सात फेऱ्या, एकदा एकोणीस. मग पाण्याचा काहीतरी धक्का बसतो, सोडण मुख्य धारेत येतं आणि बघता बघता समुद्राकडे निघून जातं.